बाराव्या ठिगळाआधी

आज जारेकुंडात सायकली बंद.
का, तर घंटी.
पिंपाच्या तोंडातून काचेची गोटी आत सोडली
की ठण्ण वाजतं, एका माणसामागे एकदा,
आणि सायकलची घंटीसुद्धा, मेली, नेमकी तशीच वाजते.

म्हणून काल रात्रीच बावीस सायकलींच्या घंट्या उतरवून
टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या मी.
मी सांबुजांग. नदीच्या या काठाला
पंक्चर काढणारा एकटाच.

दुकानावरचा पत्रा चेअरमनसाहेबांचा.
एकोणीस वर्षं झाली, एकदाही गळला नाही.
वाईट माणूस नाही हो तो.
माझ्या बापाच्या मातीला आला होता,
दर निवडणुकीला घरटी एक पोतं तांदूळ, न मागता.
लोक म्हणतात, त्याच्या राज्यात काही बिघडलं नाही.
खरं आहे.
घडलंही नाही, एवढं मात्र हळू बोलतात.

आणि ती न्यिमा कोली.
खाचराखाचरातली माती जिभेवर ठेवून थुंकत हिंडायची,
पोरं मागून तिची नक्कल करायची.
मार्चमध्ये एक लांबच लांब दोरी घेऊन आली.
एक टोक नदीत रोवलेल्या खुंटाला,
दोरीवर लाल चिंध्या:
ही माझ्या आजीच्या वेळची खार,
ही गेल्या सालची,
ही तुमची नातवंडं लग्नाला येतील तेव्हाची.
शेवटची चिंधी मशिदीच्या कडुनिंबापुढे गेली,
रस्ता ओलांडला,
आणि माझ्या दुकानाच्या खांबाला येऊन टेकली.

कोणी हसलं नाही तेव्हा. नंतर हसले.
कारण ती म्हणाली, बांध घालू,
काठाला खारफुटी लावू,
पाच वर्षं खालची खाचरं पडीक ठेवू,
आणि या पाच वर्षांत
दाखवायला माझ्याकडे काहीही नसेल.

असं कोण बोलतं मतं मागताना?

चेअरमनसाहेब उठले, दोरी हातात घेऊन ओढून पाहिली.
"मजबूत आहे," म्हणाले, "पोती बांधायला होईल."
सगळ्यात मोठ्यांदा हसलो तो मी.
डोक्यावर पत्रा होता ना.

रात्री मात्र एक ट्यूब घेऊन बसलो होतो, मासळीवाल्या फातूची.
अकरा ठिगळं. ठिगळावर ठिगळ.
दर वेळी सांगतो, बाई, नवी घाल,
दर वेळी ती म्हणते, अजून एक लाव, आजचा बाजार होऊ दे.
आणि मी लावतो.
माझंही पोट त्या ठिगळावरच.
बाहेर अंधारात वाऱ्याने दोरी खांबावर घासत होती,
आत उंदीर असल्यासारखी.

पडद्यामागे दोन पिंपं. एक हिरवं, एक पिवळं.
हिरव्यावर चेअरमनसाहेब, दर वेळचाच फोटो, तरुण.
पिवळ्यावर न्यिमा, डोळे मिचकावत, उन्हात काढलेली.
गोटी घामाने बुळबुळीत झाली.
लहानपणी हिच्यासाठी मारामाऱ्या केल्या,
नेम माझा चांगला होता,
पण तेव्हा हरलो तर फक्त गोटी जायची.

पत्रा आठवला. बाप आठवला.
फातूची ट्यूब आठवली आणि, काय सांगू,
लाज वाटली.

ठण्ण.

तळाच्या वाळूत गोटी गुपचूप निजली.
बाहेर आंब्याखाली साहेबांचा माणूस कान लावून बसलेला,
त्याने मान हलवली: एक, बरोबर.
आवाजाला रंग नसतो हे बरं आहे.

आमच्या गावात ती एकतीस गोट्यांनी मागे राहिली.
बाकीच्या गावांचं अजून मोजतायत,
रेडिओ खरखरतोय.
सकाळपासून मी घंट्या बसवतोय, बावीसच्या बावीस.
दोरी सोडायला कोणी आलं नाही,
मीही सोडली नाही, तिच्यावर ट्यूबा वाळत घालतो.

फातू आली. बाजाराला उशीर झालेला.
"अजून एक लाव."
नाही म्हणालो.
नवी घे. पैसे जमतील तसे दे.
ती माझ्याकडे बघतच राहिली,
मग दोरीकडे,
मग काही न बोलता टोपली उतरवून बसली.