चौथा रकाना

तेमुकोत जुलैची सकाळ उशिरा उजाडते,
उजाडली तरी लाकडाच्या धुरात अंग चोरून बसते.
घडीचं स्टूल, गुडघ्यांवर शाल,
आणि पालिकेनं दिलेला तक्ता. रकाने तीन.
पायी. सायकल. गाड्या.
मी काड्या ओढते, चार उभ्या, पाचवी तिरपी,
पेंढी बांधावी तशी.
संध्याकाळपर्यंत गाड्यांच्या पेंढ्यांनी पानं भरतात,
पायी चालणाऱ्यांची मूठभरही होत नाही.

"मग झेब्रा रंगवायचा कुणासाठी?"
कार्यालयात कुणीतरी म्हणालं,
आणि आकड्यांनी मान डोलावली.

पण मी रोज दहा वाजता ओनोफ्रेला बघते.
ओनोफ्रे कायुकेओ, हातात कापडी पिशवी,
जन्मभर दारं-खिडक्या घडवलेली बोटं
सिग्नलच्या खांबाला धरून.
समोर बेकरी. ताज्या पावाचा वास
सहा पदरी रस्ता कुणालाही न विचारता ओलांडून येतो.
हिरवा माणूस लागतो.
ओनोफ्रे एक पाऊल खाली ठेवतो,
आणि उजवीकडे वळणाऱ्या गाड्या
त्या पावलाशी हुज्जत घालतात.
हिरवा माणूस लुकलुकतो, पळायला लागतो
(ज्यानं तो काढला त्याचे गुडघे धड असावेत),
लाल.
तीन हिरवे, तीन लाल,
मग पिशवीची घडी खिशात, आणि घर.

तो ओलांडत नाही, म्हणून तो नाहीच.

आणि मिल्याराय, रात्रपाळी संपवून निघालेली नर्स.
ट्रक वळला तेव्हा ती त्याच्या आरशात नव्हती.
मागचं चाक आणि फुटपाथची कड
यांच्यात वीतभर जागा उरली होती, तिथे होती.
उतरली. सायकल भिंतीला टेकवली.
बराच वेळ चेन तपासत राहिली.
चेनला काहीच झालं नव्हतं.
मी सायकलच्या रकान्यात एक काडी ओढली.
त्या काडीत ट्रक कुठे होता?

त्या दिवशी समासात पेन्सिलीनं रेघ मारली,
वर लिहिलं: परत फिरलेले, थबकलेले, वाचलेले.
आठवड्यात समास पुरेना,
तक्त्याच्या पाठीवर गेले.
शाळेची मुलं, ज्यांना आया
चार गल्ल्यांचा वळसा घालून नेतात.
चाकांच्या खुर्चीतला एक तरुण,
फुटपाथच्या काठाशी आला, खाली पाहिलं,
विहिरीत पाहावं तसं.

इंजिनियर रोसामेल इनोस्त्रोसानं कागद उलटला.
वाटलं, ओरडेल.
दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन आला,
ओनोफ्रेच्या शेजारी उभा राहिला,
हात आडवा करून गाड्या थोपवल्या, आणि दोघं निघाले.
एकोणतीस सेकंद.
सिग्नल देत होता चौदा.

लगेच काही स्वर्ग उतरला नाही.
आधी नुसता रंग आणि जुने टायर.
कोपरा पुढे सरकला, वळण आवळलं,
आता वळताना गाडीला जरा विचार करावा लागे.
टॅक्सीवाल्यांनी आठवडाभर भोंगे वाजवून सुतक पाळलं.
रात्रीत कुणीतरी दोन टायर पळवले.
मार्चमध्ये काँक्रीट आलं, मधोमध बेट,
काठाला उतार, सायकलींना गाड्यांच्या पुढे थांबायला जागा,
आणि सगळ्यांच्या आधी, फक्त पायांसाठी, सात सेकंद.
(इनोस्त्रोसा दहा मागत होता.)

मला पुन्हा मोजायला बसवलं.
दहा वाजता ओनोफ्रे उतरला.
इंजिनं गुरगुरत होती, पण जागच्या जागी.
बेटावर पोचला, कठडा धरला, दम खाल्ला,
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
इतक्या वर्षांत आपलंच गाव
त्यानं रस्त्याच्या मधून कधी पाहिलं नव्हतं.
दुसऱ्या हिरव्याला पलीकडे.

बेकरी बंद. सोमवार.
पाटीसमोर थोडा उभा राहिला,
पिशवीची घडी घातली,
आणि गेला तसाच, बेटावर टेकून, परत आला.

सवयीनं माझा हात समासाकडे गेला.
थांबले. मग पहिल्या रकान्यात ओढल्या
दोन काड्या.