धुरा

पैकुजी भोयर, निवृत्त मोजणीदार,
तीन तांबे पाणी पोटात धरून
बाकावर अवघडून बसलेत.
मूत्राशय भरलेलं हवं, मीच सांगितलं होतं.

सकाळच्या सीटीवर संगणकानं रेघा मारल्या:
लाल प्रोस्टेट, पिवळी पिशवी, तपकिरी गुदाशय.
पूर्वी माझी अख्खी दुपार जायची.
आता चहा निवायच्या आत
किरणांचा आराखडा तयार.

त्यांना आत बोलावून पडदा वळवला.
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले,
समुद्रपूर तालुक्याचा नकाशा बघावा तसे.
"मोजणी बरी हाय. पण बाई,
धुऱ्यावर शेजारी उभे होते का?
त्यायची सही?"

मी हसले.
ते बाहेर गेल्यावर एकेक काप पुन्हा उघडला.
बेचाळिसाव्यात, गुदाशयाच्या भिंतीशी
वायूचा एक बुडबुडा,
रेघ त्याला बाहेर ठेवून सरळ गेलेली.
मी ती दोन मिलिमीटर सरकवली,
आराखडा पुन्हा मांडायला लावला,
आणि शेजाऱ्याच्या वतीनं
खाली माझी सही.

दाराबाहेरून आवाज आला,
"लवकर करा व माय,
बांध फुटते आता."