पंचाण्णव बाय एकशे एकाहत्तर

गुरुवारी ऑफिस एकलाच रिकामं होतं.
रुवीच्या रस्त्यावर तेव्हा फक्त ऊन असतं
आणि उन्हात विसरलेला एखादा पिकअप.
मी एसीचा खटका पुन्हा वर करतो.

सप्लायरने दिलेली डायरी, रेक्झिनची, सहा कड्यांची.
तिची पानं कुठल्याच मापात बसत नाहीत.
फूटपट्टी लावली: पंचाण्णव बाय एकशे एकाहत्तर.
प्रिंटर म्हणाला, शंभराच्या खाली मी कागद धरत नाही.
पाच मिलिमीटरसाठी अडून बसला
लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा.

तोडगा बीरानने काढला:
मोठ्या कागदावर दोन-दोन छापा, मी कापून देतो.
बीरान आमचा ऑफिसबॉय, वय त्रेपन्न.
कटरचं पातं तो असं खाली आणतो
की सुरमईचं डोकंच.

यादी माझी, म्हणून मराठीत.
सात वर्षं कॉम्प्युटरात पडून.
आडनावाने लावली तर अर्धी डायरी 'अ'त गेली,
अल-हिनाई, अल-बलुशी, अल-रवाही.
'अल' काढू का, विचारलं, तर सुलैमान म्हणाला,
दार काढून घर कसं शोधशील?
पहिल्या नावाने लावली तर आमचं गाव विस्कटलं.
तिथे सगळेच मयेकर,
एका पानावर गुण्यागोविंदाने नांदत होते,
जे गावात कधी जमलं नाही.
शेवटी पहिल्या नावानेच ठेवली.

इथल्या माणसाला पत्ता दोन ओळींचा:
पेटी क्रमांक, पोस्टल कोड एकशे बारा.
तिकडचा संपता संपत नाही.
मुक्काम, पोस्ट, वरची वाडी,
पिठाच्या गिरणीमागून चढण चढल्यावर
यशोदाकाकूंकडे विचारावे.
चार ओळींपुढे रकाना कापतो. छापून आलं:
"यशोदाकाकूंकडे वि"
काकूंना जाऊन तीन वर्षं झाली, तरी
अक्षर साडेसहावर आणलं.
तेव्हा कुठे बसल्या.

पाठपोट छापताना पहिल्या खेपेला उलटं आलं.
पुढे थोरला भाऊ,
मागे खाली डोकं वर पाय
सोहारचा टायरवाला.
अकरा कागद वाया. बीरानने त्यांचे चौकोन कापून
फोनजवळ ठेवले. चिठ्ठ्यांना होतील.

अजान झाली तेव्हा शेहेचाळीस पानं तयार होती,
भोकं पाडायची तेवढी राहिली होती.
बीरान गठ्ठा ठोकून सारखा करत म्हणाला,
"यात माझं नाव आहे?"

नव्हतं.
रोज समोर चहा ठेवणाऱ्या माणसाचा
पत्ता कोण लिहून ठेवतो?

"तिरूरच्या पुढे," तो म्हणाला.
घराचं नाव सांगितलं, बायकोचं,
शेजारच्या दुकानाचा फोन.
"तुमच्याकडे असू द्या.
कंपनीच्या फायलीत माझं स्पेलिंग चुकलंय."

'ब'चं पान भरलेलं. पानाला सात माणसं.
एक आत घेतला की बुधाजीमामा पुढच्या पानावर,
पुढचे पाठीवर, पाठीवरचे आणखी पुढे,
थेट 'ह'पर्यंत सगळे उठून जागा बदलणार.
कागद तर संपत आलेला.
मी पेन घेतलं.
डाव्या समासात, उभं, बारीक,
त्याचं घर लिहिलं. आकडे इंग्रजी ठेवले,
कारण देवनागरी त्याला येत नाही.
आपल्या नावावरून त्याने बोट फिरवलं,
शाई ओली होती, थोडी फरफटली.

पंच त्यानेच दाबला.
समास भोकांसाठी असतो
हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.
तिसऱ्या भोकात फोनचा एक आकडा गेला.
टेबलावर कागदाची टिकली पडली,
ती त्याने नखावर उचलली,
दिव्याकडे धरली.

"चार," म्हणाला.
"तेवढा चार लक्षात ठेवा."