परवानगी

सोडान्क्युलाच्या तळ्यावर
करवतीने बर्फ कापून केलेलं चौकोनी भोक.
रांगेत सातवा वेइक्को. पायात स्की, पाठीवर पिशवी.

उडी मारायची.
श्वास ताब्यात आला की नाव सांगायचं
आणि वर यायची परवानगी मागायची.
एवढंच.

पाण्यात पडताच
छातीतला भाता आपल्याच मर्जीने चालू लागतो.
शरदभर धावून कमावलेल्या मांड्या
कुणा दुसऱ्याच्या.

काठावर सार्जंट हिल्क्का उकिडवी बसलेली,
तिला कसलीच घाई नाही.
"नाव?"

"तुइस्कू,"
तो ओरडतो. घरच्या कुत्र्याचं.

"त्याचं नंतर बघू.
आधी तुझं."

वेइक्कोला हसू फुटतं,
आणि हसण्यासोबत
अडकलेला श्वास सुटतो,
मग पुढचा, मोजून.

तो नाव सांगतो. परवानगी मागतो.

मागे आठवीची स्की
बर्फावर जराशी सरकते.