चौपन्न किलो

आत कुणीच नव्हतं,
म्हणून तर एवढा आरडाओरडा करता आला.

समुद्राने कुपी झेलली तेव्हा
नियंत्रणकक्षात कामिमुरासाहेबांनी टाय सोडला
आणि त्यानेच डोळे पुसले.
जीव भांड्यात पडतो म्हणतात.
आमचा तीन नारिंगी छत्र्यांखाली डुलत डुलत
पाण्यात पडला,
आणि तरंगला.

आता रात्र. बंदरावरची खानावळ,
बाहेर ऊस, वाऱ्याने सळसळणारा,
आत रताळ्याची दारू, तळलेले उडते मासे
पंखांसकट.
इबुसुकीकाकाही आलेत, बोलावलं नसताना.
आमच्यापायी अकरा दिवस होडी बांधून ठेवली त्यांनी.
"वर गेलं, खाली आलं. आता टाकू का जाळं?"
विचारतात, आणि स्वतःच हसतात.

तात्सुनोरी बाकावर चढून उलटे आकडे मोजतोय,
दर शून्याला नवा पेला.
मीही हसतेय. माझं काम तसं किरकोळ:
खुर्चीतल्या पुतळ्याचे पट्टे आवळणं.
चौपन्न किलोचा पुतळा. नाव ठेवायचं नाही, असा नियम.
तरी शेवटच्या संध्याकाळी, दार लावण्याआधी,
मी त्याची कॉलर नीट केली,
शाळेत निघालेल्या पोराची करावी तशी.
हे कुठल्याच नोंदवहीत नाही.

कोपऱ्यात सुमिरे बसलीय.
पुढच्या खेपेला ती खुर्ची तिची.
पुतळा भरला होता तिच्याच वजनाने.
केव्हाची एकच मासा खातेय,
काटे ताटलीच्या कडेला ओळीने लावत.
गलका जरा ओसरला तशी सरकून जवळ आली,
हळूच म्हणाली,
"त्याला कुठे काचला गं पट्टा?"

"डाव्या खांद्याला. उतरताना. थोडासा."
तिने डावा खांदा उचलून पाहिला,
शिंप्याकडे माप देताना पाहावा तसा.

मागे पुन्हा दहा, नऊ, आठ.
माझी बोटं टेबलाखाली बक्कल चाचपू लागली,
एक घर सैल...
नको. सैल पट्टा जास्त वाईट.

"उद्या ये सकाळी," मी म्हटलं, "पोटभर खाऊन ये.
तू बस, मी आवळते.
दुखलं की लगेच सांग.
तो काही बोललाच नाही."