उरलेली नळी

तुलारीच्या भंगारवाड्यातून इंजिन आणायला निघालो
तेव्हाच अँसेल्मोमामानं बजावलं :
नुसतं इंजिन उचलायचं नाही.
येईल तर कुटुंबकबिल्यासकट येईल.

ट्रक पंच्याऐंशीचा. उजवं दार तारेनं बांधलेलं,
हौद्यात अजून गेल्या सालच्या गवताचा भुसा.
इंजिन एक्क्याण्णवचं, एका चेपलेल्या पिकअपमधलं.
कॅलिफोर्नियात इंजिन धाकटं चालतं, थोरलं नाही,
आणि धाकट्यानं आपलं सगळं सामान सोबत आणायचं.

डेअरीवर ज्यानं त्यानं बॉनेटखाली डोकावून एकच सांगितलं :
काढून टाक ती आतडी, अँसेल्मो.
एक तोंड गिळायला, एक सोडायला,
बाकीचा पसारा हवा कशाला?
मामा ऐकून घ्यायचा.
दातांत टॉर्च असल्यामुळे उत्तर द्यावं लागत नसे.

ही झडप जळक्या धुराचा एक घास
इंजिनाला परत भरवते.
हा कोळशाचा डबा. टाकीतून उडणारी वाफ
रात्रभर पिऊन ठेवतो, सकाळी गाडी सुरू झाली की परत देतो.
घेतलेलं परत करणारा, मामा म्हणाला,
आपल्या घराण्यात दुसरा कोणी झाला नाही.

जुन्या डॅशबोर्डात इशाऱ्याच्या दिव्याला जागाच नव्हती.
राखदाणीशेजारी भोक पाडलं.

आणि शेवटी, अकराव्या रात्री,
एक नळी उरली.
वीतभर लांब, करंगळीएवढी,
दोन्ही तोंडं उघडी.

मी म्हणालो, चालतंय की, फेकून दे.
इंजिन खरंच चालत होतं, गोड चालत होतं.
मामानं ट्रक कॅनॉलपर्यंत नेऊन आणला.
दिवा लागलेला.
कागदाची पिन दोन खाचांत अडकवली :
तीनदा लुकलुक. थांबला. दोनदा.
बत्तीस. घास भरवणारी झडप उपाशी होती.

बॉनेटखालचा नकाशा भंगारवाड्यातल्या उन्हानं खाल्लेला,
नेमका त्याच कोपऱ्यात.
म्हणून पुन्हा तुलारी. चौथ्या रांगेत तसाच एक पिकअप,
बॉनेटखाली गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं,
आणि त्याच्या मागे नकाशा, कालच चिकटवल्यासारखा.
मामाकडे कागद नव्हता.
बॉलपेननं मनगटापासून कोपरापर्यंत
त्यानं सगळ्या रेषा आपल्या हातावर उतरवून घेतल्या,
आणि मावशीनं दोन दिवस
त्याला तो हात धुऊ दिला नाही.

फ्रेस्नोच्या कॉलेजमागे तपासणी होती.
सप्टेंबर. डोंगरात आठवडाभर आग लागलेली,
आकाश तांब्याच्या जुन्या भांड्यासारखं,
सकाळी दहाला रस्त्यावरचे दिवे पेटलेले.
थाओबाईंच्या तोंडाला मास्क, हातात
दांडीला बांधलेला आरसा.
वाकून वाकून त्यांनी सगळं मोजलं,
डबा, झडप, पंप,
धुराड्याच्या पोटात बसवलेलं ऑक्सिजनचं नाक.
त्या नळीशी आल्या तेव्हा
दोन बोटांनी हलकेच ओढून पाहिली.
नळी हलली नाही.
मामाचा श्वास मला ऐकू आला.

मग मागची चाकं रुळांवर फिरली,
शेपटीत काच-डोळ्याच्या यंत्राची सळई,
पडद्यावर आकडा उमटला :
न जळलेलं इंधन, दहा लाखांत अठ्ठावीस.
शेडच्या पत्र्यावर राख पडत होती,
कोणी दळण सांडावं तशी, आवाज न करता.
ती कोणी मोजत नव्हतं.

थाओबाईंनी दाराच्या खांबावर चंदेरी पट्टी चिकटवली,
तार सोडून, पुन्हा बांधून.
म्हणाल्या, बहुतेक लोक ती नळी आणतच नाहीत.

बाहेर आल्यावर मामा इंजिन चालू ठेवून उतरला.
मागे जाऊन उकिडवा बसला,
खिशातला पांढरा रुमाल धुराड्याच्या तोंडापुढे धरला,
उलटा करून पाहिला, मला दाखवला.
पाण्याचे दोनचार थेंब. बाकी कोरा.
मग पुढे येऊन त्याच रुमालानं
त्यानं काच पुसली,
आणि तो काळा झाला.