पक्का रंग

अडतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
टॉवेलांचे रंग शिजवले,
तांबडा म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.
पण हरिणीने नाशिकहून पाठवलेली बाटली
ओट्यावर ठेवली तेव्हा हात जरा चाचरला.
बाटलीमुळे नव्हे. राजमणीमुळे.

"माझ्या पातेल्यात नाही," ती म्हणाली.
एवढंच.
तिचा बाप शनिवारी पगार घेऊन निघायचा
आणि रविवारी घरी पोचायचा, पगाराशिवाय.
आई विड्या वळायची,
हजाराचा हिशेब पुरा होईस्तोवर चूल थंड.
मी मंगळवार बाजारातून नवं पातेलं आणलं,
जाड बुडाचं, साडेचारशेला.
ती दारात बसली, पाठमोरी, शेंगा सोलत.

मटणाचे चॉप आधी खरपूस भाजून बाजूला काढायचे,
बुडाला जे चिकटतं ते धुवायचं नाही,
हरिणीने फोनवर दोनदा बजावलेलं.
त्याच चरबीत कांदा, अगदी बारीक, मग लसूण.
मग वाईन.
असं चर्र झालं की गल्लीतल्या मागांची खटखट
घटकाभर ऐकूच येईना.
वाफ उठली, आंबट, उतरलेल्या द्राक्षांसारखी.
राजमणीचे हात थांबले.
मी काही बोललो नाही. खिडकी उघडली.

आता नुसतं थांबायचं. हे मला येतं.
पाणी उडू द्यायचं, रंग राहू द्यायचा.
घाईने आच वाढवली की लॉटच्या लॉट डागाळतो
आणि मालक खाली येतो.
निम्मं झालं. मग हाडांचं पाणी,
एक तमालपत्र, चार मिरी. पुन्हा निम्मं.
चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं,
रेघ तशीच राहिली.
खळ बसली का ते आम्ही असंच बघायचो, नखाने.

चव घेतली. तोंड वाकडं.
मीठ घातलं, आणखी वाकडं.
दारातून आवाज आला, मान न वळवता:
"गूळ घाला. सुपारीएवढा."
"चाखल्याशिवाय?"
"वासावरून कळतंय. आणि तो वास गेलाय आता."
कुठला, ते मी विचारलं नाही.

गॅस बंद. थंड लोण्याचा गोळा,
पातेलं नुसतं हलवत राहायचं.
चकाकी आली, मर्सराइज केलेल्या सुतासारखी.

ताटात चॉप, वर तो सॉस,
बाजूला कडक भाकरी, शेंगाचटणी.
"रस्सा म्हणावा तर रस्सा नाही," ती म्हणाली,
आणि भाकरीचा तुकडा कडेला टेकवला.
पुढचा तुकडा मधोमध.
एक थेंब पडला पांढऱ्या टॉवेलवर, माझ्याच लॉटच्या.
मी थंड पाणी आणायला उठलो.
"बसा. खाऊन घ्या."
म्हटलं, हा रंग पक्का नाही, दोन धुण्यांत जाईल.
"तुमचे सगळे पक्के होते का?"

उरलेली अर्धी बाटली तिने मोरीत ओतली,
शेवटचा थेंब पडेस्तोवर उलटी धरून.
मग कढत पाण्याने तीनदा विसळली,
गच्चीवर उन्हात पालथी घातली.
आता तिच्यात करडईचं तेल असतं.
लेबल मात्र तिने काढलेलं नाही.